दिनांक, क्रमांक, हुतात्मा, महापौर... दोन शब्द जोडून तिसरा घडवणारे सावरकर; कोणते शब्द टिकले, कोणते मागे पडले?

धाराशिव : जिल्हाधिकारी कार्यालयात, तहसीलमध्ये किंवा नगरपरिषदेत कुठलाही अर्ज हातात घ्या. वरच्या कोपऱ्यात 'दिनांक' आणि त्याच्या आसपास 'क्रमांक' हे दोन शब्द बहुतेक वेळा असतात. अर्ज भरणारा मात्र शेजारच्या माणसाला आज तारीख किती, असेच विचारतो. कोर्टात कामासाठी आलेल्या शेतकऱ्याला 'तारीख' पडते, 'दिनांक' कधी पडत नाही.

लिहिण्याचा शब्द वेगळा आणि बोलण्याचा वेगळा, असे का झाले? याचे उत्तर शोधताना एक नाव हमखास पुढे येते, ते म्हणजे विनायक दामोदर सावरकर. क्रांतिकारक, कवी आणि हिंदुत्वाचे राजकारण मांडणारे नेते म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. मराठीत दोन जुने शब्द जोडून नवा शब्द घडवण्याची त्यांनी जवळपास मोहीमच चालवली होती. ती मोहीम काय होती, तिच्यामागे कोणता विचार होता आणि त्यातले आज काय उरले आहे, ते समजून घेऊया.

इंग्रजीत शब्द कसे जुळतात?

इंग्रजीत दोन शब्द कापून एकत्र जोडण्याची पद्धत आहे. धूर म्हणजे 'स्मोक' आणि धुके म्हणजे 'फॉग', त्यातून 'स्मॉग' झाला. हा शब्द 1905 मध्ये लंडनमध्ये चर्चेत आला. 'ब्रेकफास्ट' आणि 'लंच' यांतून 'ब्रंच' झाला. 'ब्रिटन' आणि 'एक्झिट' यांतून अलीकडे 'ब्रेक्झिट' झाला. अशा शब्दांना 'पोर्टमँटो' हे नाव लेखक ल्युईस कॅरॉल यांनी 1871 च्या आपल्या पुस्तकात दिले. पोर्टमँटो म्हणजे दोन कप्प्यांची प्रवासी बॅग. एका बॅगेत दोन अर्थ, अशी ती कल्पना होती.

मराठीची रीत वेगळी आहे. इथे शब्द सहसा कापला जात नाही. संधी किंवा समास करून दोन्ही शब्द जवळपास पूर्ण ठेवले जातात. दिन आणि अंक मिळून दिनांक होतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला दोन्ही भाग ओळखू येतात आणि नवा शब्द असूनही अर्थ लागतो. सावरकरांनी याच सोयीचा पुरेपूर वापर केला.

भगूर ते लंडन

सावरकरांचा जन्म 28 मे 1883 रोजी नाशिक जिल्ह्यातील भगूर येथे झाला. लहानपणीच आई कॉलऱ्याने गेली. 1899 मध्ये वडील प्लेगने गेले. थोरले बंधू गणेश ऊर्फ बाबाराव यांनी घर सांभाळले. नाशिकमध्ये 'मित्रमेळा' ही संघटना उभी राहिली आणि 1904 मध्ये तिचे नाव 'अभिनव भारत' झाले.

पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना 1905 मध्ये त्यांनी परदेशी कापडाच्या होळीत पुढाकार घेतला. त्याबद्दल त्यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले. परकीय वस्तू टाकून स्वदेशी वापरायची, हा विचार त्यांनी पुढे भाषेलाही लावला. कापडाच्या जागी फक्त शब्द आले.

1906 मध्ये ते बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. 1857 च्या उठावावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकावर ब्रिटिश सरकारने बंदी घातली. 1910 मध्ये त्यांना अटक झाली. भारतात आणले जात असताना 8 जुलै 1910 रोजी फ्रान्सच्या मार्सेल्स बंदरात त्यांनी बोटीतून समुद्रात उडी मारली, पण ते पुन्हा पकडले गेले. दोन जन्मठेपा, म्हणजे एकूण 50 वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा ते जेमतेम 27 वर्षांचे होते.

कागद नाही, पेन्सिल नाही

जुलै 1911 मध्ये ते अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये पोहोचले. तिथे काथ्या कुटणे, कोलू फिरवून तेल काढणे अशी कामे होती. लिहायला कागद मिळत नव्हता. कोठडीच्या भिंतीवर ओळी कोरायच्या आणि त्या पाठ करायच्या, अशा रीतीने त्यांनी कविता रचल्या. कैद्यांमध्ये साक्षरता वाढावी आणि हिंदी व नागरी लिपीचा प्रसार व्हावा, यासाठीही त्यांनी तिथे प्रयत्न केले. पुढे 'माझी जन्मठेप' या पुस्तकात त्यांनी हे अनुभव मांडले.

याच काळात त्यांनी सुटकेसाठी ब्रिटिश सरकारकडे अनेक अर्ज केले. ती डावपेचाची चाल होती की माघार होती, यावर आजही वाद होतो. 1921 मध्ये त्यांना अंदमानातून भारतातील तुरुंगात हलवले गेले. 6 जानेवारी 1924 रोजी सशर्त सुटका झाली. दोन अटी होत्या. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचे नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही. ही बंधने वाढत गेली आणि 1937 मध्येच संपली.

राजकारण बंद, मग शब्दांचे काम

रत्नागिरीतील या 13 वर्षांत सावरकरांनी दोन गोष्टींवर भर दिला. पहिली अस्पृश्यता निवारणाची. सहभोजने झाली आणि 1931 मध्ये सर्व जातींसाठी खुले असलेले पतितपावन मंदिर उभे राहिले. दुसरी गोष्ट भाषाशुद्धीची. मराठीत शेकडो वर्षे रुळलेले अरबी-फारसी शब्द आणि नव्याने येणारे इंग्रजी शब्द काढून त्यांच्या जागी स्वभाषेतील शब्द वापरावेत, अशी मांडणी त्यांनी लेखांतून केली.

त्यांनी आधार घेतला तो शिवकाळाचा. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' तयार केला होता. दरबारातील फारसी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले होते. पेशवा हा 'प्रधान', मुजुमदार हा 'अमात्य' आणि सरनौबत हा 'सेनापती' झाला. सावरकरांना तेच काम नव्या काळात पुढे न्यायचे होते.

त्यांची पद्धत ढोबळमानाने अशी होती :

- स्वभाषेत शब्द असेल तर परकीय शब्द वापरायचा नाही.
- जुना, विसरलेला शब्द सापडला तर तो पुन्हा वापरात आणायचा.
- शब्दच नसेल तर संस्कृत धातू किंवा दोन सोपे शब्द जोडून नवा घडवायचा.
- जी वस्तूच बाहेरून आली, तिचे नाव तसेच ठेवायला हरकत नाही.

म्हणजे कोट किंवा टेनिस या शब्दांशी त्यांचे भांडण नव्हते. भांडण होते ते हाताशी मराठी शब्द असताना सवयीने वापरल्या जाणाऱ्या परक्या शब्दांशी.

शब्दांची जोडणी कशी केली?

त्यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या काही शब्दांची फोड पाहिली की पद्धत कळते.

दिनांक : दिन + अंक. तारीख हा मूळचा अरबी शब्द. दिवसाचा आकडा तो दिनांक. शेवटचा 'अ' आणि पुढचा 'अ' मिळून 'आ' होतो. ही शाळेत शिकवली जाणारी साधी स्वरसंधी आहे.

क्रमांक : क्रम + अंक. 'नंबर'साठी. एकदा 'दिनांक' कळला की 'क्रमांक' समजावून सांगावा लागत नाही. 'विशेषांक'चेही तसेच.

महापौर : महा + पौर. पुर म्हणजे नगर आणि पौर म्हणजे नगरात राहणारा. नगरवासीयांमधला पहिला तो महापौर. 'मेयर' या इंग्रजी शब्दाशी त्याचा उच्चारही थोडा जुळतो, त्यामुळे तो जिभेवर लवकर बसला असावा.

हुतात्मा : हुत + आत्मा. हुत म्हणजे यज्ञात अर्पण केलेला. अरबी 'शहीद'ला हा पर्याय होता.

बोलपट : बोल + पट. इथे संधीही नाही. मुके चित्रपट जाऊन आवाज असलेले चित्रपट आले, तेव्हा हा साधा आणि घरगुती शब्द कामी आला.

काही वेळा नवा शब्द घडवलाच नाही, जुन्याला नवे काम दिले. 'चित्रपट' हा शब्द संस्कृतात चित्र काढलेल्या कापडासाठी होता, तो सिनेमासाठी वापरात आला. रंगमंचाच्या पडद्यामागची जागा सांगणारा 'नेपथ्य' हाही संस्कृत नाटकातला जुनाच शब्द.

लिपीतही बदल

सावरकरांनी लिपी सुधारण्याचाही आग्रह धरला. इ, ई, उ, ऊ यांसाठी स्वतंत्र अक्षरे कशाला, 'अ'लाच वेलांटी आणि उकार द्यावेत, अशी ती कल्पना होती. तेव्हा छपाई शिशाच्या खिळ्यांवर चालत असे. देवनागरीला खिळे फार लागत. अक्षरे कमी केली तर छपाई आणि टंकलेखन सोपे होईल, असा त्यामागे हिशेब होता. 'किर्लोस्कर' मासिकाने काही काळ ही पद्धत वापरलीही. सर्वसामान्य वापरात मात्र ती टिकली नाही.

त्याच काळात निजामाच्या राज्यात काय सुरू होते?

सावरकर रत्नागिरीत शब्द घडवत होते, तेव्हा आजचा धाराशिव जिल्हा ब्रिटिश मुंबई इलाख्यात नव्हता. तो हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि तिथे राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. जिल्ह्याच्या प्रमुखाला 'अव्वल तालुकदार' म्हणत.

शब्द घडवण्याचे काम तिथेही जोरात होते. 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाणार होते. त्यासाठी सरकारने भाषांतराचे खातेच उघडले. विज्ञान, कायदा, गणित यांतील इंग्रजी संज्ञांना उर्दू पर्याय शोधले गेले. त्यासाठी अरबी आणि फारसी शब्दांची जोडणी झाली. उर्दूसाठी काम करणाऱ्या 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' या संस्थेचे कार्यालय तर त्या काळात मौलवी अब्दुल हक यांच्या नेतृत्वाखाली औरंगाबादेत होते.

अडचण दोन्हीकडे एकच होती. इंग्रजीतून नव्या कल्पना येत होत्या आणि त्यांना आपल्या भाषेत नाव द्यायचे होते. एका बाजूने संस्कृतची पेटी उघडली, दुसऱ्या बाजूने अरबी-फारसीची. पण हैदराबाद संस्थानातल्या मराठी मुलाला दोन्हीकडून अवघडच होते. घरची भाषा मराठी आणि वरच्या वर्गांचे पुस्तक उर्दूत. भाषेचा हा प्रश्न पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामातील नाराजीचे एक कारण बनला.

1937 मध्ये बंधने उठल्यावर सावरकर हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. 1938-39 मध्ये आर्य समाज आणि हिंदू महासभेने निजामाविरुद्ध आंदोलन केले. स्टेट काँग्रेसनेही 1938 मध्ये सत्याग्रह केला. सावरकरांनी आपल्या आंदोलनाला 'भागानगर निःशस्त्र प्रतिकार' म्हटले. हैदराबादऐवजी भागानगर आणि सत्याग्रहाऐवजी निःशस्त्र प्रतिकार. शब्द निवडण्यातही राजकारण होते.

गांधीजींचा शब्दही असाच जुळलेला

'सत्याग्रह' हा शब्दही जोडूनच घडलेला आहे. दक्षिण आफ्रिकेतील लढ्याला इंग्रजी नाव नको, म्हणून गांधीजींनी आपल्या 'इंडियन ओपिनियन' या पत्रातून लोकांकडून शब्द मागवले. मगनलाल गांधी यांनी 'सदाग्रह' सुचवला. गांधीजींनी त्यात बदल करून सत्य आणि आग्रह जोडले. राजकारणात एकमेकांच्या विरुद्ध टोकाला असलेल्या या दोघांची 1909 मध्ये लंडनमध्ये आणि 1927 मध्ये रत्नागिरीत भेट झाली. दोघांनाही एक गोष्ट पक्की माहीत होती, ती म्हणजे चळवळीला आपला शब्द हवा.

भाषेच्या प्रश्नावर मात्र ते वेगळे होते. गांधीजी हिंदी आणि उर्दू दोन्ही सामावून घेणाऱ्या हिंदुस्तानीच्या बाजूचे होते. सावरकरांना संस्कृतनिष्ठ हिंदी हवी होती.

1948 मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर सावरकरांना अटक झाली. फेब्रुवारी 1949 मध्ये पुराव्याअभावी त्यांची निर्दोष मुक्तता झाली. तरीही हा वाद त्यांच्या नावाला कायमचा जोडला गेला.

विरोध का झाला?

भाषाशुद्धीवर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. टीकेचे मुख्य मुद्दे दोन. पहिला, जो शब्द चारशे वर्षे लोकांच्या तोंडी आहे तो परका कसा? खरीप आणि रब्बी हे मूळचे अरबी शब्द आहेत, पण ते धाराशिवच्या शेतकऱ्याइतके मराठी दुसरे काय असेल? दुसरा मुद्दा, अरबी-फारसी शब्द काढण्याच्या आग्रहामागे फक्त भाषेचे प्रेम आहे, की ते शब्द बोलणाऱ्या समाजाला परके ठरवणेही आहे?

समर्थकांचे म्हणणे वेगळे होते. राज्यकर्त्यांची भाषा जनतेवर लादली जाते तेव्हा शब्दांबरोबर मनही गुलाम होते. आपल्या भाषेत नवा विचार मांडता आला पाहिजे, तर शब्दही आपणच घडवले पाहिजेत.

दोन्ही बाजू एकाच माणसात पाहायच्या तर कवी माधव जूलियन आठवतात. ते फारसीचे प्राध्यापक. मराठीत गझल रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांनी फारसी-मराठी कोशही केला. त्यांच्या संग्रहाचे नाव 'गज्जलांजली' हेही गज्जल आणि अंजली यांची जोडणी होते, म्हणजे एक शब्द बाहेरून आलेला आणि दुसरा संस्कृत. हेच माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले.

कोणते शब्द टिकले, कोणते नाही?

सावरकरांचे सगळे शब्द चालले नाहीत. फाउंटन पेनसाठी 'झरणी' हा गोड शब्द होता, पण लोकांनी पेनच म्हटले. कायद्यासाठी ते 'निर्बंध' वापरत. आज निर्बंध म्हणजे बंधन, कायदा कायदाच राहिला. रेडिओसाठीची 'नभोवाणी' काही काळ चालली, नंतर 'आकाशवाणी'ने तिची जागा घेतली. 'नभोनाट्य'मध्ये मात्र तिचा अंश उरला.

टिकलेल्या शब्दांकडे पाहिले तर एक गोष्ट दिसते. जे शब्द सरकारी कागदात, वर्तमानपत्रात आणि शाळेच्या पुस्तकात शिरले, ते टिकले. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि मराठीतून कारभार करण्यासाठी भाषा संचालनालय सुरू झाले. पदांची आणि कार्यालयीन कामकाजाची नावे मराठीत ठरू लागली. तोवर तयार असलेले शब्द तिथे उपयोगी पडले. ज्या शब्दांना असा आधार मिळाला नाही, ते बोलण्याच्या बाजारात हरले.

व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी खरी की खोटी?

दरवर्षी 28 मे आणि 26 फेब्रुवारीला सावरकरांनी दिलेल्या शब्दांची लांबलचक यादी मोबाइलवर फिरते. ती वाचताना थोडी काळजी घ्यावी. वेतन, मूल्य, शुल्क असे शब्द त्यात असतात, पण ते कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या काळापासूनचे संस्कृत शब्द आहेत. सावरकरांनी ते घडवले नाहीत. पगार, किंमत, फी यांच्याऐवजी ते वापरा, असा आग्रह धरला. शब्द घडवणे आणि शब्द पुन्हा चालू करणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांनी दोन्ही केली, पण यादीत सगळे एकत्र होते.

शेवटचा जोडशब्द

1938 मध्ये मुंबईत झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे सावरकर अध्यक्ष होते. आयुष्यभर शब्दांवर मेहनत घेतलेल्या या माणसाने तिथे साहित्यिकांना लेखणी बाजूला ठेवून बंदूक हाती घ्यायला सांगितले. त्या सल्ल्यावरही बराच वाद झाला.

1963 मध्ये पत्नी यमुनाबाई गेल्या. अखेरच्या काळात त्यांनी आत्महत्या आणि आत्मार्पण यांतला फरक सांगणारा लेख लिहिला. आत्मा हा पहिला शब्द दोन्हीकडे सारखाच, फरक दुसऱ्या शब्दाने पडतो. निराश होऊन जीव देणे वेगळे आणि जीवनकार्य संपल्यावर शांतपणे देह ठेवणे वेगळे, अशी त्यांची मांडणी होती. फेब्रुवारी 1966 मध्ये त्यांनी अन्न आणि औषधे घेणे थांबवले. 26 फेब्रुवारी 1966 रोजी दादरच्या राहत्या घरी, वयाच्या 82 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज धाराशिवमध्ये काय दिसते?

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेले 'उस्मानाबाद' हे नावही उस्मान आणि आबाद यांच्या जोडणीतून झालेले. 2023 मध्ये शहर आणि जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे 'धाराशिव' झाले. पाटीवरचे नाव बदलले, तरी पाटीवरचे बाकीचे शब्द पाहण्यासारखे आहेत.

'जिल्हाधिकारी' या शब्दात जिल्हा अरबी आणि अधिकारी संस्कृत. संधी मात्र 'दिनांक'सारखीच. 'पीककर्ज'मध्ये पीक मराठी, कर्ज अरबी. 'पीकविमा'तला विमा फारसी वळणाचा. 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी स्मृतिस्तंभासमोर मानवंदना दिली जाते ती 'हुतात्म्यांना'. त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेवर 'दिनांक' असतो आणि बोलावणारा फोनवर सांगतो ती 'तारीख'.

सावरकरांना तारीख हा शब्द मराठीतून जायला हवा होता. तो गेला नाही. त्यांचा दिनांकही गेला नाही. जिल्ह्यातला सामान्य माणूस दोन्ही वापरतो, एक कागदावर आणि दुसरा तोंडाने.